प्रोटॉन थेरपी घ्यायची की नाही? गोव्यातल्या घरांसाठी फायद्याचा आणि पैशांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात शेजारचे भाई छत्री मिटवून आमच्या ओसरीवर आले आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. एका खासगी केंद्राने पाठवलेले अंदाजपत्रक होते ते. प्रोस्टेटचा कॅन्सर, प्रोटॉन थेरपी (म्हणजे प्रोटॉन कणांनी दिलेले रेडिएशन), एकूण चोवीस लाख. खाली त्यांच्या मुलाने पेनाने हिशेब मांडला होता: ठेव मोडून आठ, सोने ठेवून चार, आणि उरलेल्या बारासाठी माडा-पोफळींचे कुळागर विकून. भाई म्हणाले, "भाच्याच्या वेळी तू सगळं जवळून पाहिलंयस. घ्यावं की नको, तेवढं सांग."

माझ्या भाच्याला आम्ही प्रोटॉन दिले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देऊ. भाईंना मात्र मी त्या दिवशी "थांबा, अजून एक रुपयाही भरू नका" असे सांगितले. यंत्र तेच, तरी उत्तरे दोन, असे का झाले ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. फोंड्याहून मुंबईला फाईल घेऊन केलेल्या फेऱ्यांतून आणि तिथल्या डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नांतून जे कळले तेवढेच सांगते. निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत बसूनच घ्यायचा आहे.

आधी दोन किरणांतला फरक

कुळागर ज्यांनी शिंपले आहे त्यांना हे चटकन कळेल. पाटाने पाणी सोडले की ज्या माडाला हवे त्याच्या अलीकडचीही झाडे भिजतात आणि पलीकडचीही. आपण ज्याला नेहमीचे रेडिएशन म्हणतो, ते लिनॅक यंत्रातले एक्स-रे, असेच वागतात. शरीरात शिरतात, गाठीतून जातात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. वाटेतल्या सगळ्यांना थोडाथोडा शेक बसतो. प्रोटॉन म्हणजे कळशी. नेताना वाटेत थोडे पाणी सांडते, बहुतेक सगळे बुंध्याशी ओतले जाते आणि त्याच्या पुढची जमीन कोरडी राहते. प्रोटॉनचा वेग जितका ठरवावा तितक्या खोलीवर जाऊन तो थांबतो, आणि थांबता थांबता आपली बहुतेक ताकद तिथेच सोडतो. भौतिकशास्त्रात याला ब्रॅग शिखर म्हणतात. याचा औषधासाठी उपयोग करावा हे रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवले आणि अमेरिकेत बर्कलीला १९५४ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

यातून दोन गोष्टी समजून घ्या. गाठीवर पडणारा मार साधारण तितकाच असतो. म्हणून "प्रोटॉनने कॅन्सर जास्त मरतो" असे कोणी सरसकट सांगितले तर सावध व्हा. त्याचा मुख्य फायदा गाठीच्या पलीकडच्या निरोगी भागाला मिळतो. तेव्हा पहिला प्रश्न असा: माझ्या गाठीच्या पलीकडे असे काय आहे, जे वाचवण्यासाठी एवढा खर्च करावा?

दुसरी गोष्ट जाहिरातीत येत नाही. कळशी नेमकी कुठे उपडी होणार याचा हिशेब सीटी स्कॅनवरून करतात, आणि त्यात तीन-साडेतीन टक्क्यांची चूक धरूनच चालावे लागते. गाठ दहा सेंटीमीटर खोल असेल तर हा फरक तीन-साडेतीन मिलीमीटरचा. रुग्ण उपचारादरम्यान बारीक झाला, सायनसमध्ये पाणी भरले, श्वासाबरोबर गाठ हलली, तर एक्स-रेपेक्षा प्रोटॉनचे गणित जास्त बिघडते. म्हणून मध्ये मध्ये पुन्हा स्कॅन काढून प्लॅन बदलावा लागतो. त्वचेवरचा मारही काही वेळा प्रोटॉनमध्ये जास्त असतो. महाग आहे म्हणून सगळ्या बाबतीत सरस, असे नाही.

फाईल पुरी करा

प्रोटॉनचे नाव काढण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: कॅन्सर नेमका कोणत्या जातीचा, कितपत पसरलेला, आणि रेडिएशन कशासाठी देणार आहेत, पूर्ण बरे करण्यासाठी की फक्त त्रास कमी करण्यासाठी. आजार अंगभर पसरला असेल तर एका जागी नेमकेपणाने शेक देऊन फारसे साधत नाही. हाडातल्या दुखण्यासाठी तर नेहमीच्या रेडिएशनची एक किंवा पाच सिटिंग बहुतेक वेळा पुरतात.

बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगी रुग्णालयात बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन थांबू नका. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, कारण मोठे केंद्र त्या स्वतः पुन्हा तपासते. एमआरआय आणि सीटीची सीडी घ्या. फिल्मवरून प्लॅनिंग होत नाही. पूर्वी कधी रेडिएशन झाले असेल तर त्या वेळचा डोसचा तपशील शोधून काढा. त्याच जागी दुसऱ्यांदा शेक द्यायचा असेल तर प्रोटॉनचा विचार होतो, पण जुना तपशील नसेल तर डॉक्टरांचे हात बांधले जातात.

मुंबईला धाव घेण्याआधी घरबसल्या दुसरे मत घ्यायचे असेल तर टाटा मेमोरियल आणि देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांचे जाळे असलेले नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली नव्या ही ऑनलाइन सेवा आहे. रिपोर्ट अपलोड केले की लेखी मत येते. आमचा एक हेलपाटा त्यामुळे वाचला.

आपला आजार कुठे बसतो?

प्रोटॉनचा फायदा ज्यांना बऱ्यापैकी स्पष्टपणे मिळतो, त्यांत पहिली येतात मुले. मेंदूच्या आणि मणक्याजवळच्या गाठी, डोळ्याच्या मागच्या भागातले काही कॅन्सर. मोठ्यांमध्ये कवटीच्या तळाच्या कॉर्डोमा आणि काँड्रोसार्कोमा नावाच्या हाडा-कूर्चेच्या गाठी, डोळ्यातला मेलानोमा, आणि एकदा शेक दिलेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ आलेले काही रुग्ण.

माझा भाचा आठ वर्षांचा होता. मेडुलोब्लास्टोमा, म्हणजे मुलांना होणारा मेंदूचा एक कॅन्सर. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा, असा सगळा भाग शेकावा लागतो. टाटामध्ये रेडिएशनच्या डोसचा हिशेब करणाऱ्या फिजिसिस्ट बाईंनी ताईला संगणकावर दोन चित्रे दाखवली. एक्स-रेच्या चित्रात कण्यापासून पुढे छातीपर्यंत, पोटापर्यंत निळा-हिरवा रंग पसरला होता: हृदय, अन्ननलिका, थायरॉइड, आतडी. प्रोटॉनच्या चित्रात रंग मणक्याच्या पुढच्या कडेला आला आणि तिथेच संपला. पुढे सगळे काळे. ताईने बोट ठेवून विचारले, "हे काळं म्हणजे इथे काहीच नाही?" बाई म्हणाल्या, "जवळजवळ काहीच नाही." मुलाला अजून सत्तर वर्षे जगायचे आहे. त्याच्या हृदयाला, आतड्यांना विनाकारण शेक बसू नये आणि पुढे दुसरा कॅन्सर होण्याची शक्यता कमी राहावी, याचे मोल आमच्या लेखी पैशांत होणारे नव्हते. त्याच बैठकीत त्यांनी हेही सरळ सांगितले की मेंदूला मिळणारा शेक प्रोटॉनमध्येही चुकणार नाही, अभ्यासात तो थोडा मागे पडू शकतो. त्या स्पष्टपणामुळेच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

याच्या पलीकडचा मोठा पट्टा "असेलही, नसेलही" असा आहे. घशाचा कॅन्सर, अन्ननलिका, यकृत, डाव्या बाजूचे स्तन, फुफ्फुस. अन्ननलिकेवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोटॉनच्या रुग्णांना एकूण दुष्परिणाम कमी झाले, जगण्याचे प्रमाण मात्र सारखेच राहिले. घशाच्या कॅन्सरवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये जाहीर झाले. कॅन्सर दोन्हींकडे सारखाच आटोक्यात राहिला, पण प्रोटॉनमध्ये नळीने अन्न द्यावे लागलेले रुग्ण कमी होते. फुफ्फुसावरच्या २०१८ च्या चाचणीत अपेक्षा होती तो फायदा दिसलाच नाही. या पट्ट्यात आजाराच्या नावावरून काही ठरत नाही, तुमच्या गाठीची जागा बघावी लागते.

डाव्या स्तनाबद्दल मुद्दाम सांगते, कारण आमच्याच वाड्यावरच्या एका मुलीला हृदयाची भीती घालून प्रोटॉन सुचवले होते. दीर्घ श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखून धरला की फुगलेले फुफ्फुस हृदयाला छातीच्या भिंतीपासून दूर ढकलते. तेवढ्या वेळात नेहमीचे रेडिएशन देतात. आठवडाभर सराव केला की बहुतेकींना जमते, आणि हृदयावरचा शेक बराच उतरतो. हे तंत्र तुमच्याकडे आहे का, हा प्रश्न प्रोटॉनच्या आधी विचारायचा.

आणि भाईंचा प्रोस्टेट. अमेरिकेत ४५० पुरुषांवर प्रोटॉन आणि आयएमआरटी (नेहमीच्या एक्स-रे रेडिएशनचेच जास्त नेमके रूप) यांची तुलना झाली. २०२४ मध्ये निकाल आले: दोन वर्षांनंतर शौचाच्या तक्रारींत दोन्ही गटांत फरक नाही, कॅन्सर आटोक्यात राहण्यातही नाही. शिवाय आता नेहमीच्या रेडिएशनने प्रोस्टेटचे उपचार वीस सिटिंगमध्ये, निवडक रुग्णांत पाचातही होतात. भाईंना मी "थांबा" म्हटले ते यासाठी.

दोन प्लॅन शेजारी शेजारी

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पैसे भरण्याआधी तुलनात्मक प्लॅन मागा. तुमच्याच स्कॅनवर एक चांगला आयएमआरटी प्लॅन आणि एक प्रोटॉन प्लॅन. नेदरलँड्समध्ये बऱ्याच रुग्णांची निवड याच पद्धतीने होते: दोन्ही प्लॅन करतात, दुष्परिणामांचा धोका मोजतात, आणि फरक ठरावीक पातळीच्या वर असेल तरच प्रोटॉन देतात. आपण गोव्यातले साधे लोक असे मागायला लाजतो, डॉक्टरांना राग येईल असे वाटते. माझा अनुभव असा की चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

मागताना असे म्हणा: "डॉक्टर, दोन्ही प्लॅनमध्ये माझ्या हृदयाला, फुफ्फुसाला, लाळग्रंथींना", जे तुमच्या बाबतीत लागू असेल ते, "किती डोस जाईल तो ग्रे या मापात लिहून द्याल का? आणि त्या फरकाने मला पुढे कोणता त्रास होण्याची शक्यता किती कमी होईल?" पहिल्या अर्ध्या प्रश्नावर थांबू नका. चित्रात रंग कमी दिसला म्हणजे माणसाला त्रास कमी होईलच असे नाही. एखाद्या अवयवाला आधीच इतका कमी शेक बसत असतो की आणखी कमी करून हाती काही लागत नाही.

उत्तर ऐकताना टक्क्यांकडून माणसांकडे या. समजा डॉक्टर म्हणाले, प्रोटॉनने हा त्रास चाळीस टक्क्यांनी कमी होतो. लगेच विचारा: शंभर रुग्णांतल्या किती जणांना? समजा नेहमीच्या रेडिएशनने शंभरात वीस जणांना त्रास होतो आणि प्रोटॉनने बारा जणांना. चाळीस टक्के म्हणजे हेच, पण वाचले ते शंभरातले आठ. उरलेल्या ब्याण्णवांना प्रोटॉनने या बाबतीत काही फरक पडला नाही. आता तो त्रास कोणता ते पाहा. तो आयुष्यभर नळीने जेवण्याचा असेल तर आठ हा मोठा आकडा आहे. चार महिन्यांत बरा होणारा त्वचेचा लालसरपणा असेल तर त्यासाठी कुळागर विकायचे नाही.

पैसे

प्रोटॉन महाग का, याचे उत्तर इमारतीत आहे. सायक्लोट्रॉन प्रोटॉनला प्रकाशाच्या साधारण साठ टक्के वेगापर्यंत नेतो. रुग्णाभोवती फिरणारी गँट्री शंभर टनांच्या वर वजनाची, दोन-तीन मजले उंच, भोवती जाड काँक्रीट. गोव्यात असे केंद्र नाही. आपल्याला जाण्याजोगी दोन: चेन्नईचे अपोलो प्रोटॉन कॅन्सर सेंटर, २०१९ पासूनचे, आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच उपचार-संशोधन केंद्रातले टाटा मेमोरियलचे, जिथे २०२३ मध्ये रुग्ण घ्यायला सुरुवात झाली. खासगीत पूर्ण कोर्स वीस लाखांच्या वरही जातो. टाटामध्ये जनरल फाईल आणि प्रायव्हेट फाईल यांचे दर वेगळे असतात. कोणती फाईल काढायची हे पहिल्याच दिवशी ठरते, म्हणून उत्पन्नाचे आणि रेशनचे कागद जवळ ठेवा आणि तिथल्या समाजसेवा विभागात जा. मुलांसाठी त्यांचे इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, ते पैशांपासून राहण्यापर्यंत बघते.

अंदाजपत्रक हातात आले की चार ओळी तपासा: प्लॅनिंग, मास्क, मधले स्कॅन आणि पुन्हा प्लॅन करावा लागला तर त्याचे पैसे यात धरले आहेत का? लहान मुलाला रोज भूल द्यावी लागणार असेल तर ती? केमो सोबत आहे का? मध्येच उपचार थांबले तर परतावा किती? आमच्या ओळखीच्या एका घराला एका केंद्राने फोनवर "विमा मंजूर होईल, तुम्ही भरून टाका" असे सांगितले. त्यांनी भरले. मंजुरी आलीच नाही. तोंडी शब्दावर लाख रुपये देऊ नका. विमा कंपनीची आगाऊ मंजुरी लेखी, रकमेसह हातात येईपर्यंत थांबा.

विम्याच्या बाबतीत पॉलिसीचे पुस्तक स्वतः उघडा. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी करून ते पॉलिसीतून वगळायला मनाई केली. रोबोटिक शस्त्रक्रिया, इम्युनोथेरपी, स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी त्यात आहेत. प्रोटॉनचे नाव त्यात नाही. रेडिओथेरपी डे-केअरमध्ये बसते, म्हणून चोवीस तास दाखल नसलात तरी दावा करता येतो, पण प्रोटॉनसाठी कंपनी "नेहमीच्या रेडिएशनचाच दर" लावू शकते. ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आपल्या गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पॅकेजच्या यादीत तुमचा उपचार कोणत्या नावाने बसतो ते कार्ड घेऊन जाऊन विचारा. जीएमसीत न मिळणाऱ्या उपचारांसाठी सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. तिची चौकशी कांपालच्या आरोग्य संचालनालयात होते. तिथे जीएमसीचे कागद लागतात, म्हणून परस्पर मुंबईला गेलात तर परत यावे लागते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही कॅन्सरसाठी अर्ज करता येतो. हे सगळे उपचार सुरू होण्याआधी. भरून झालेल्या पावत्यांवर मदत मिळवणे फार कठीण.

बिलाबाहेरचा खर्च लोक विसरतात. तीस सिटिंग म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून सहा आठवडे, त्याआधी प्लॅनिंगचे दहा-पंधरा दिवस. दोन महिने खारघरला खोली, दोघांचे जेवण, रिक्षा आणि सोबत राहणाऱ्याचा बुडालेला पगार. खोलीला दिवसाचे हजार रुपये धरले तरी तिचेच साठ हजार होतात. मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासाची केंद्रे आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या शिफारशीने जागा मिळते. मडगाव किंवा थिवीहून रात्रीची कोकणकन्या धरली की पहाटे पनवेल, तिथून खारघर जवळ. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला त्याच डब्यात पंचाहत्तर टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. निघायच्या आदल्या दिवशी ते मिळत नाही, आधीच मागा.

वेळ

प्रोटॉनसाठी रांग असू शकते. डॉक्टरांना विचारा: "माझ्या आजारात रेडिएशन किती दिवसांत सुरू व्हायला हवे?" आणि केंद्राला विचारा: "तारीख कधीची?" दुसरे उत्तर पहिल्याच्या पुढे जात असेल तर वाट पाहण्यात शहाणपण नाही. वेळेत सुरू झालेले नेहमीचे रेडिएशन उशिरा मिळालेल्या प्रोटॉनपेक्षा बरे, हे मला एकाहून अधिक डॉक्टरांनी सांगितले.

उपचाराच्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर बसवून मास्क करतात. मशीनखाली स्थिर पडायचे, नेम लावायलाच जास्त वेळ जातो, किरण चालू असतात ती काही मिनिटे, आणि दुखत काही नाही. भाच्याने आपल्या मास्कवर वाघ रंगवून घेतला होता.

भाईंनी शेवटी दुसरे मत घेतले आणि वीस सिटिंगचे आयएमआरटी केले. विम्याने बहुतेक रक्कम दिली. आगोटीला कुळागरातल्या नव्या रोपांना माती घालताना मला पाहून त्यांनी कुंपणापलीकडून हात केला.

भाच्याचे उपचार संपून आता वर्षे झाली, पण फाईल बंद झालेली नाही. शेवटच्या दिवशी ताईने डोसचा पूर्ण तपशील आणि प्लॅनची सीडी मागून घेतली. तुम्हीही घ्या, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती लागते. मेंदूला शेक दिलेल्या मुलांची उंची, थायरॉइड आणि वाढीची संप्रेरके, दृष्टी आणि श्रवण नियमित तपासत राहावे लागते, प्रोटॉन दिले असले तरी. पुढच्या महिन्यात त्याची ऐकण्याची तपासणी आहे. दर वेळी तो बंद खोलीत हेडफोन लावून बसतो, आवाज ऐकू आला की बटण दाबतो, आणि काचेबाहेर ताई त्याच्या बोटाकडे बघत उभी असते.